एकनिष्ठ दुकानदाराची कोंडी

मोठ्या शहरातल्या एखाद्या झगमगत्या व्यापारसंकुलातून फेरफटका मारताना एक दृश्य हटकून नजरेस पडते. प्रशस्त गाळा, मंद प्रकाश, पायाखाली गालिचा, भिंतीवर एकच भव्य दूरचित्रवाणी संच, कोपऱ्यात शिल्पासारखे उभे केलेले दोन स्पीकर आणि नेटक्या पोशाखातला एक अदबशीर विक्रेता. नसते ते फक्त गिऱ्हाईक. तळमजल्यावरच्या किराणा भांडारात पाऊल ठेवायला जागा नसते. येथे मात्र भरदुपारी देवळाच्या गाभाऱ्यात असावी तशी शांतता. दारावरच्या पाटीवर एकाच कंपनीचे नाव असते आणि आतही त्या एकाच कंपनीचा माल. पगारात महिना कसाबसा बसवणारा माणूस किमतीची चिठ्ठी काचेबाहेरूनच वाचतो आणि पुढे सरकतो. मात्र पुढे सरकताना त्याच्या मनात एक प्रश्न घोळत राहतो : हे दुकान चालते तरी कसे?

हा प्रश्न दिसतो तितका भाबडा नाही. त्याचे प्रामाणिक उत्तर असे, की अशी दुकाने पुष्कळदा चालत नाहीत. काही वर्षे रेटली जातात आणि एके दिवशी काचेवर कागद चिकटतो. न चालण्याचे कारण श्रीमंतांचा तुटवडा हे नव्हे. जडजवाहीर, उंची घड्याळे आणि पैठण्या यांचीही गिऱ्हाइके मोजकीच असतात. तरीही सराफांच्या पेढ्या पिढ्यान्‌पिढ्या चालतात. मग विजेवर चालणाऱ्या चैनीच्या वस्तूंच्याच वाट्याला हे दुर्दैव का यावे? त्याचे मूळ त्या वस्तूंच्या स्वभावात आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. चैनीची वस्तू टिकण्याचे वचन देते. इलेक्ट्रॉनिक वस्तू बदलण्याच्या वेगावर जगते. या दोन परस्परविरोधी धर्मांचा संसार एका छपराखाली थाटला जातो आणि त्याचा खर्च ज्याने सोसायचा तो दुकानदार मधल्यामध्ये भरडला जातो. चैनीच्या दुकानाशी आपला काय संबंध, असे म्हणून हा विषय झटकून टाकता येणार नाही. काचेच्या आत आज जे घडते, तेच थोड्या उशिराने आपल्या घरातल्या संचाच्याही वाट्याला येत असते.

माळ्यावरून संग्रहालयात

या व्यवसायाचे सर्वांत बोलके उदाहरण डेन्मार्कमधले आहे. जटलंडच्या वायव्य भागात, लिमफियोर्डच्या काठी, स्ट्रूअर नावाचे सुमारे दहा हजार वस्तीचे गाव आहे. १९२५ मध्ये पीटर बँग आणि स्वेन ओलुफसेन या दोन तरुण अभियंत्यांनी गावाजवळच्या ओलुफसेन घराण्याच्या वाड्यात, माळ्यावरच्या खोलीत, रेडिओची खटपट आरंभली. त्या काळी रेडिओ बॅटरीवर चालत. ते घरातल्या विजेवर चालावेत यासाठी या जोडीने 'एलिमिनेटर' नावाचे उपकरण तयार केले आणि त्याच्या बळावर 'बँग अँड ओलुफसेन' ही कंपनी उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सत्तेशी सहकार्य करण्यास तिने नकार दिला. त्याचा सूड म्हणून जानेवारी १९४५ मध्ये नाझीधार्जिण्या घातपात्यांनी तिचा कारखाना उडवून दिला. युद्ध संपल्यावर तो नव्याने बांधण्यात आला.

पुढे १९६० नंतरच्या काळात कंपनीने एक वेगळी वाट धरली. जपानी कारखान्यांच्या स्वस्त मालाशी किमतीच्या बाबतीत बरोबरी करता येणार नाही, तेव्हा रूपाच्या बाबतीत तरी कोणी आपली बरोबरी करू नये, अशी ती वाट होती. याकोब येन्सेन या अभिकल्पकाने आखलेला १९७२ चा 'बिओग्राम ४०००' हा रेकॉर्ड प्लेयर त्या वाटेवरचा मैलाचा दगड. त्याची भुजा इतरांसारखी कमान न घेता तबकडीच्या कडेपासून मध्याकडे सरळ रेषेत सरकत असे. १९७८ मध्ये न्यूयॉर्कच्या 'म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट'ने येन्सेन यांनी या कंपनीसाठी केलेल्या कामाचे स्वतंत्र प्रदर्शन भरवले. दिवाणखान्यातले यंत्र कलावस्तू म्हणून मान्यता पावले.

पण कलावस्तू विकायची कुठे? धुलाईयंत्रे, पंखे आणि इस्त्र्या यांच्या गर्दीत ती मांडली, तर तिच्या शेजारच्या निम्म्या किमतीच्या पेटीकडे बोट दाखवून गिऱ्हाईक विचारणारच, 'यात आणि त्यात फरक काय?' हा फरक शब्दांत सांगता येत नाही. तो शांत खोलीत बसून ऐकावा आणि पाहावा लागतो. यातूनच केवळ एका नाममुद्रेच्या दुकानाची कल्पना पुढे आली. १९९० मध्ये फिलिप्सने कंपनीचा पंचवीस टक्के हिस्सा घेतला, तेव्हा ती अडचणीतच होती. १९९१ मध्ये सूत्रे हाती घेतलेल्या अँडर्स क्नुत्सेन यांनी खर्चाला कात्री लावली, मागणी आल्यावर उत्पादन करण्यावर भर दिला आणि विक्रीचा भार हळूहळू खास दुकानांवर टाकला. औषध लागू पडले. नव्वदीच्या दशकात कंपनी सावरली. १९९६ मध्ये डेव्हिड लुईस यांनी आखलेला, सहा तबकड्या काचेआड एका ओळीत मांडणारा 'बिओसाउंड ९०००' बाजारात आला आणि त्या दशकातल्या ऐषारामी घरांचे जणू प्रतीकच ठरला.

या यशोगाथेत एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. पाटीवर नाव कंपनीचे असले, तरी त्यांतली बहुसंख्य दुकाने कंपनीच्या मालकीची नव्हती. ती त्या त्या गावातल्या स्वतंत्र व्यापाऱ्यांची होती. भांडवल त्यांचे, भाडेकरार त्यांच्या नावावर, कर्ज त्यांच्या डोक्यावर. कंपनीची प्रतिष्ठा वाढली ती अशा शेकडो लहान व्यापाऱ्यांच्या पैशावर.

दुकानदाराचा ताळेबंद

या व्यापाऱ्याचा हिशेब थोडा उलगडून पाहण्यासारखा आहे. आकडे कल्पित घेऊ; हिशेबाची रीत मात्र खरी आहे. समजा, एखाद्याने आपल्याकडच्या मोठ्या शहरात असे दुकान थाटले. कंपनीच्या नमुन्यानुसार केलेली सजावट आणि मांडणीसाठी विकत घेतलेला माल यांत एक कोटी रुपये गुंतले. बारा टक्के दराने त्याचे व्याज महिन्याला एक लाख होते. मोक्याच्या जागेचे भाडे तीन लाख आणि जाणत्या विक्रेत्यांचे पगार, वीज वगैरे दीड लाख धरले, तर दार उघडण्याचाच खर्च महिन्याला साडेपाच लाख. विक्रीवर तीस टक्के मिळतात असे मानले, तरी केवळ तोंडमिळवणीसाठी दरमहा सव्वाअठरा लाखांहून अधिक विक्री झाली पाहिजे. दुकानदाराच्या स्वतःच्या मीठभाकरीचा विचार त्यानंतरचा.

हा आकडा एखाद्या महिन्यात दोन गिऱ्हाइकांत पुरा होतो. एखाद्या महिन्यात दोनशे माणसे येऊन आणि कौतुक करूनही पुरा होत नाही. येथे व्यवहार मोठे पण विरळ असतात. दहा छापांचा माल ठेवणारा दुकानदार दिवाळीत धुलाईयंत्रे विकतो, वैशाखात पंखे आणि शीतकपाटे विकतो, आणि मधल्या काळात मिक्सरच्या भांड्यांवरही चार पैसे मिळवतो. एका कंपनीची मिठी खाल्लेल्याला असा आडआधार नसतो. एखाद्या वर्षी कंपनीचा नवा नमुना फसला, किंवा कारखान्यातून यायला सहा महिने उशीर झाला, तर त्याच्या हाती दुसरे काही नाही. पतिव्रतेने एकाच्याच नावाने कुंकू लावावे तशी ही निष्ठा आहे. मात्र पलीकडच्या बाजूने तशी निष्ठा पाळण्याचे बंधन कोणावर नाही. कंपनी शेजारच्या रस्त्यावर दुसरा विक्रेता नेमू शकते, किंवा तोच माल स्वतःच इंटरनेटवर विकू शकते.

त्यातही एक विचित्र विरोध दडलेला आहे. माल जितका उत्तम, तितके गिऱ्हाईक परत येण्याची वेळ लांब. वीस वर्षे बिनतक्रार वाजणारा संच विकणाऱ्याने एका चांगल्या गिऱ्हाइकाला जवळजवळ एका पिढीसाठी निरोप दिलेला असतो. सराफाकडे तेच कुटुंब मुंजीला येते, लग्नाला येते, मोड द्यायला येते. स्पीकरची मोड कोणी सराफी भावाने घेत नाही.

शिवाय हा माल गठ्ठा बांधून हाती देण्याजोगा नसतो. नव्वदाव्या वर्षाच्या निमित्ताने, २०१५ मध्ये, याच कंपनीने आणलेल्या 'बिओलॅब ९०' या स्पीकरचे वजन १३७ किलो आहे आणि त्या एकाच्या पोटात अठरा ध्वनिघटक आहेत. तो घरी पोचवणे, खोलीच्या भिंती आणि पडदे पाहून त्याची जागा ठरवणे, तारा भिंतीत लपवणे, घरमालकाच्या कानाला पटेपर्यंत सूर जुळवणे, ही सारी कामे कुशल माणसांची आहेत. ती माणसे बाराही महिने पगारावर ठेवावी लागतात. काम मात्र बाराही महिने नसते.

काळाचा वार

इतके सारे ओझे वाहूनही दुकानदार तगला असता, जर त्याच्या मालाचे मूल्य टिकून राहिले असते. जुन्या काळी ते बऱ्याच अंशी टिकत असे. काचेच्या जाड नळीचा दूरचित्रवाणी संच वर्षानुवर्षे फारसा बदलत नसे. उत्तम लाकूड आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्या कवचातला महागडा संच दहा वर्षांनीही डौलदार दिसे. सपाट पडद्यांचे युग आले आणि हे स्थैर्य संपले. पडदा दर वर्षी मोठा, पातळ आणि स्वस्त होऊ लागला. मांडणीसाठी विकत घेतलेला संच दुकानातच शिळा होऊ लागला. भाजीवाला संध्याकाळी भाव उतरवून टोपली रिकामी करतो. पण चैनीच्या दुकानदाराला भाव उतरवण्याचीही सोय नाही, कारण एकदा भाव उतरला की चैनीचा रुबाब उतरला.

संगीताच्या बाबतीत तर याहून मोठी उलथापालथ झाली. २००१ मध्ये अ‍ॅपलचा आयपॉड आला, २००७ मध्ये आयफोन आला. सहा तबकड्या काचेआड मिरवणाऱ्या यंत्रापुढे प्रश्न उभा राहिला, की तबकड्याच नसतील तर मिरवायचे काय? बँग अँड ओलुफसेननेही सॅमसंगच्या साहाय्याने २००५ मध्ये 'सेरीन' नावाचा उंची मोबाइल फोन काढून पाहिला. पण जी वस्तू लोक दोन वर्षांत टाकून देतात, ती कलावस्तूच्या भावाने किती काळ विकणार? जानेवारी २००८ मध्ये कंपनीने आपल्या मुख्याधिकाऱ्याला दूर केले. त्याच वर्षी जागतिक मंदी आली, शेकडो कामगारांवर कुऱ्हाड कोसळली आणि मोबाइल फोनचा नाद सोडून मूळ क्षेत्राकडे वळण्याचा निर्णय झाला.

पुढे २०१६ मध्ये दूरचित्रवाणी संचांसाठी कोरियातल्या एलजी कंपनीशी सहकार्याचा करार झाला. पडदा एलजीचा, ध्वनी, कवच आणि डौल डेन्मार्कचा. व्यवहार म्हणून यात गैर काही नव्हते. लहान कंपनीला पडद्याचे तंत्र एकटीने सांभाळणे शक्यच नव्हते. परंतु दुकानात उभ्या असलेल्या विक्रेत्याची अवस्था कल्पून पाहा. चार दुकाने पलीकडे त्याच घराण्यातला पडदा कितीतरी कमी किमतीत लटकत असताना, आपल्याकडचा अधिक पैसा कशासाठी घेतला जातो, हे त्याला दर वेळी नव्याने पटवावे लागते. जो फरक पूर्वी डोळ्यांना दिसत असे, तो आता समजावून सांगावा लागतो. आणि समजावून सांगाव्या लागणाऱ्या चैनीत अर्धी चैन उरत नाही.

सल्ला येथे, खरेदी तेथे

दुकानदाराचा तिसरा शत्रू म्हणजे त्याचेच सौजन्य. गिऱ्हाईक येते, तासभर मऊ आसनावर बसून संगीत ऐकते, शंका विचारते, आणि घरी जाऊन तीच वस्तू जिथे चार पैसे कमी पडतील तिथून मागवते. खर्च एकाचा, विक्री दुसऱ्याची. हा प्रकार इंटरनेटने जन्माला घातला, असा समज आहे. पण तो खरा नाही. लेस्टर टेल्सर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६० मध्येच एका निबंधात या फुकट्या स्पर्धेची मीमांसा केली होती. जो विक्रेता सेवा देतो त्याच्यापेक्षा न देणारा विक्रेता स्वस्तात विकू शकतो. मग हळूहळू सेवा देणारे नाहीसे होतात आणि शेवटी मालाचीच विक्री घटते. म्हणून उत्पादक किरकोळ किमतीची किमान मर्यादा बांधू पाहतात, असे त्याचे प्रतिपादन होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये, चामडी वस्तू बनवणाऱ्या लीगिन कंपनीच्या खटल्यात, या विचारसरणीला मान्यता दिली आणि अशा करारांना सरसकट बेकायदा ठरवणारा १९११ पासूनचा निर्णय पाच विरुद्ध चार मतांनी मोडीत काढला.

युरोपचे वळण निराळे. आपल्या अधिकृत विक्रेत्यांनी इंटरनेटवर माल विकू नये, असा निर्बंध बँग अँड ओलुफसेनने फ्रान्समध्ये घातला होता. चैनीची वस्तू पडद्यावरच्या यादीत नव्हे तर दुकानातच शोभते, ही त्यामागची भावना. फ्रान्सच्या स्पर्धा प्राधिकरणाने डिसेंबर २०१२ मध्ये याबद्दल नऊ लाख युरोंचा दंड ठोठावला; २०१४ मध्ये पॅरिसच्या अपील न्यायालयाने तो दहा हजार युरोंवर आणला. म्हणजे दंडाची धार बोथट झाली. पण विक्रेत्याला इंटरनेटचे दार सरसकट बंद करता येणार नाही, हा धडा उरलाच. पुढे डिसेंबर २०१७ मध्ये युरोपीय न्यायालयाने उंची सुगंधी द्रव्यांच्या एका खटल्यात मधला मार्ग काढला : विक्रेत्याने स्वतःच्या संकेतस्थळावर विकावे, पण परक्या सार्वजनिक बाजारमंचावर विकण्यास कंपनी त्याला मज्जाव करू शकते. आपल्याकडेही २००२ च्या स्पर्धा कायद्याचे तिसरे कलम एकनिष्ठ विक्रीच्या आणि किमान किमतीच्या करारांना सरसकट निषिद्ध मानत नाही. स्पर्धेवर त्यांचा लक्षणीय दुष्परिणाम होतो की नाही, हे पाहून निवाडा करते.

या सर्व न्यायनिवाड्यांत एक गोष्ट लक्षात येण्याजोगी आहे. वाद कंपनी आणि कायदा यांच्यात रंगतो, हित ग्राहकाचे पाहिले जाते; ज्याने कर्ज काढून गालिचा अंथरला त्या दुकानदाराचे हित या तिघांच्या मध्ये कुठेतरी अंतर्धान पावते. २०१२ मध्ये याच कंपनीने तरुणांसाठी 'बी अँड ओ प्ले' या नावाखाली तुलनेने स्वस्त हेडफोन आणि छोटे स्पीकर काढले. ते खास दुकानांपुरते न ठेवता अ‍ॅपलच्या दुकानांतून आणि इतरत्रही विकायला ठेवले. नवे गिऱ्हाईक मिळाले, हे खरे. पण जे नाव आपल्याच दारात मिळते म्हणून दुकानदाराने सर्वस्व पणाला लावले होते, ते नाव आता कोणत्याही दारात मिळू लागले. पुढे २०१९ मध्ये कंपनीला नफ्याचे अंदाज खाली आणावे लागले आणि पुन्हा एकदा मुख्याधिकारी बदलण्याची वेळ आली. रोग जुनाच होता.

गर्दीची दुकाने

यावर कोणी आक्षेप घेईल, की मग अ‍ॅपलच्या दुकानांत मुंगीला शिरायला वाव नसतो, त्याचे काय? १९ मे २००१ रोजी अमेरिकेत या कंपनीची पहिली दोन दुकाने उघडली, तेव्हा जाणत्यांनी त्यांचे भवितव्य काळे रंगवले होते. त्याला आधारही होता. गेटवे या संगणक कंपनीने अशीच स्वतःची दुकाने देशभर उघडली होती आणि २००४ मध्ये उरलेली १८८ दुकाने एकदम बंद केली. सोनीने २०१४ मध्ये अमेरिकेतल्या आपल्या ३१ दुकानांपैकी २० बंद करण्याचे जाहीर केले. अ‍ॅपल मात्र तरली.

पण तिचे उदाहरण नीट पाहिले, तर ते वरील प्रतिपादनाला छेद देत नाही, दुजोराच देते. एक तर ती दुकाने कंपनीच्या स्वतःच्या मालकीची. तोटा झालाच तर तो अवाढव्य नफ्यातून भरून निघतो, कोणा व्यापाऱ्याचे घर गहाण पडत नाही. दुसरे, तिची मुख्य वस्तू लोक काही वर्षांनी बदलतात. तिला शाश्वतपणाचे वचन देण्याची गरजच पडत नाही. तिसरे, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे, त्या दुकानांत पहिल्यापासून दुरुस्ती आणि सल्ल्याचा गल्ला ठेवण्यात आला. विकत काही घ्यायचे नसतानाही माणसाने पुन्हा दुकानात यावे, असे कारण तिथे निर्माण केले गेले. भारतात एका नाममुद्रेच्या किरकोळ विक्रीत परकीय भांडवलाला २००६ मध्ये ५१ टक्क्यांपर्यंत आणि २०१२ मध्ये अटींसह शंभर टक्क्यांपर्यंत मुभा मिळाली. २०१९ मध्ये स्थानिक खरेदीच्या अटी सैल झाल्या. त्यानंतर १८ एप्रिल २०२३ रोजी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात अ‍ॅपलचे भारतातले पहिले स्वतःचे दुकान उघडले. तोवर ती कंपनीही येथे इतरांच्या भांडवलावरच उभी होती. धनाढ्य कंपनीला स्वतःचे दुकान थाटण्याची घाई नसते. आधी स्थानिक व्यापारी बाजार तयार करून ठेवतात.

जुनी रीत, नवा प्रश्न

येथे आपल्या गावांतल्या जुन्या रेडिओच्या दुकानाची आठवण होणे स्वाभाविक आहे. मर्फी, बुश, फिलिप्स ही नावे ज्या पिढीच्या तोंडी होती, तिच्या लेखी रेडिओ ही चैनच होती. त्यासाठी टपाल कचेरीतून परवाना काढावा लागे. ते दुकान सहसा एका नावावर विसंबलेले नसे. समोर विक्री आणि मागच्या पडवीत झाळण्याची कांडी घेऊन बसलेला कारागीर, अशी त्याची मांडणी असे. संच विकल्यावर नाते संपत नसे. झडप बदलायला, सुई बसवायला, आवाजातली खरखर काढायला माणूस येतच राही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्याच्या तपकीर गल्लीत या कौशल्याची परंपरा अजूनही तग धरून आहे. दुकान विक्रीवर थाटत असेल, पण ते टिकत असे दुरुस्तीवर.

आजच्या उंची दुकानातून नेमका हाच पाया काढून घेण्यात आला आहे. पेटी उघडली तर हमी जाते; सुटा भाग कंपनीखेरीज कोणाकडे मिळत नाही; आणि पुष्कळदा यंत्र धडधाकट असून आतली आज्ञावली जुनी झाली, म्हणून ते मुके होते. दुकानदाराला दुरुस्तीची मिळकत नाही आणि गिऱ्हाइकाला दुरुस्तीचा हक्क नाही. या हक्काची चर्चा आता सुरू झाली आहे. आपल्या केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा अधिकार' या नावाने एक संकेतस्थळ उघडले. युरोपीय संघाने २०२४ मध्ये त्यासाठी निर्देश संमत केला. ही चर्चा केवळ मोबाइलपुरती नाही. लाखो रुपयांच्या स्पीकरपासून हप्त्यावर घेतलेल्या दूरचित्रवाणी संचापर्यंत सर्वांना ती लागू आहे.

नवलाची गोष्ट अशी, की हा मार्ग स्ट्रूअरलाही उशिरा का होईना सापडू लागला आहे. २०२० मध्ये, आपल्या पंचाण्णवाव्या वर्षी, बँग अँड ओलुफसेनने १९७२ च्या मालिकेतले जुने बिओग्राम परत मिळवले, ते खोलून, स्वच्छ करून, नव्या कवचासह पंच्याण्णव नग पुन्हा विक्रीस काढले. जवळजवळ अर्ध्या शतकापूर्वीचे यंत्र नव्या यंत्राच्या मानाने विकले जाते, याचा अर्थ काय? त्यात जे टिकाऊ होते ते खरोखरच टिकले होते. २०२१ मध्ये आलेल्या 'बिओसाउंड लेव्हल' या स्पीकरची बॅटरी बदलता येते आणि ज्या भागात संगणकीय बुद्धी असते तो भागही पुढे काढून नवा बसवता येईल, अशी रचना केली आहे. लवकर म्हातारे होणारे इंद्रिय वेगळे ठेवायचे आणि कवच, ध्वनी, घडण जपायची, हा विचार योग्य दिशेचा आहे. चैन आणि इलेक्ट्रॉनिक्स यांच्यातल्या भांडणावर यापेक्षा बरा तोडगा दिसत नाही.

पण यंत्राची रचना बदलून भागणार नाही. कराराची रचनाही बदलली पाहिजे. एकनिष्ठा मागणाऱ्या कंपनीने तिची किंमत मोजावी. मांडणीसाठी घ्यायला लावलेला माल शिळा झाला तर तो परत घ्यावा. ज्या भागातून इंटरनेटवर मागणी येते, त्या भागातल्या दुकानदाराला तिचा वाटा द्यावा. कारण ती मागणी बहुधा त्याच्याच आसनावर बसून जन्मलेली असते. सुटे भाग किती वर्षे मिळतील, हे लेखी द्यावे आणि दुरुस्तीचे काम व मिळकत दुकानाकडे सोपवावी. यांपैकी काहीच कबूल नसेल, तर त्या पाटीखाली आपली आयुष्याची पुंजी ओतण्यापूर्वी व्यापाऱ्याने दहा वेळा विचार करावा. आपल्या समाजातले निवृत्तीचा पैसा हाती आलेले कितीतरी लोक आणि नोकरीऐवजी व्यवसाय करू पाहणारे तरुण आज अशा 'फ्रँचायझी'च्या जाहिरातींकडे आशेने पाहत असतात. त्यांनी तर हा हिशेब कागदावर मांडल्याखेरीज सही करू नये.

आणि आपण, काचेबाहेरचे? पुढच्या वेळी त्या शांत दुकानापुढून जाताना नुसती किंमत वाचून सरकण्याचे कारण नाही. आत जावे, तिथला तरुण हसतमुखाने सामोरा येईल, कारण सकाळपासून त्याच्याशी बोलायला कोणी आलेले नसेल. त्याला एकच प्रश्न विचारावा : 'हा संच दहा वर्षांनी बिघडला, तर तो दुरुस्त कोण करील?' त्याच्याजवळ सरळ उत्तर असेल, तर ते दुकान टिकण्याचा संभव आहे. तो चाचरला, तर समजावे की काचेवर कागद चिकटण्याचा दिवस फार दूर नाही. हाच प्रश्न मग आपल्या गल्लीतल्या दुकानातही, हप्त्याच्या कागदावर सही करण्यापूर्वी, न संकोचता विचारावा.